हॅम्लेटला श्रीकृष्ण भेटला नाही

जून २०२४मध्ये ‘कल्की २८९८ एडी’ हा चित्रपट देशभर झळकला. कुरुक्षेत्राच्या रणभूमीवरून उठलेली कथा थेट इसवी सन २८९८मध्ये जाऊन पोहोचते. शापग्रस्त अश्वत्थामा जन्माला येऊ घातलेल्या कल्कीच्या मातेचे रक्षण करतो. आणि पैशासाठी माणसांची शिकार करत हिंडणारा नायक हा प्रत्यक्षात कर्ण आहे, हे अखेरीस उघड होते. हाच चित्रपटाचा उत्कर्षबिंदू. यंत्रमानव, उडती वाहने आणि दिव्यास्त्रे यांच्या या कल्लोळात नायकपदासाठी कर्णाचीच निवड व्हावी, अर्जुनाची होऊ नये, हा योगायोग म्हणता येणार नाही. गेल्या सहा दशकांत वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या दोन पिढ्या ज्या संस्कारात वाढल्या, त्यांना हाच नायक हवा होता.

या संस्काराची कृती आता ठरून गेली आहे. रामायण किंवा महाभारत घ्यावे. त्यातील पराभूत बाजूचा एखादा वीर उचलावा. त्याला ग्रीक किंवा शेक्सपियरच्या शोकांतिकेच्या साच्यात ओतावे, म्हणजे तो आपोआपच उदात्त, दैवाने गांजलेला, अन्यायी जगाने नाकारलेला आणि एका क्षुल्लक दोषापायी कोसळलेला महापुरुष ठरतो. वर मायावी शस्त्रे, गुप्त मंडळे, साम्राज्यांचे डावपेच आणि थोडा प्रणय यांची फोडणी द्यावी. २००८मध्ये चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांची ‘द पॅलेस ऑफ इल्यूजन्स’ आली आणि तिच्यातील द्रौपदी आयुष्यभर कर्णाकडे मनाने ओढली गेली. २०१२मध्ये आनंद नीलकंठन यांच्या ‘असुर’ने रावणाची बाजू मांडली, २०१३मध्ये त्यांच्याच ‘अजेय’ने दुर्योधनाची. त्याच वर्षी कविता काणे यांनी कर्णाच्या पत्नीला बोलते केले. ही पुस्तके विमानतळावरच्या दुकानांतून विकली जातात, देशी भाषांत अनुवादित होतात आणि वाढदिवसाला भेट म्हणून दिली जातात. महाभारताशी झालेला अनेक मुलांचा पहिला परिचय हाच असतो. दुसरा परिचय होतच नाही, खरी अडचण तेथे आहे.

हा प्रवाह आजचा नाही. १८६१ साली मायकेल मधुसूदन दत्त यांचे ‘मेघनादवध काव्य’ प्रसिद्ध झाले. होमर, व्हर्जिल आणि मिल्टन यांच्या वाचनात बुडालेल्या या प्रतिभावंत बंगाली कवीला रामाच्या सेनेविषयी आस्था नव्हती. रावण आणि मेघनाद यांनी त्याची कल्पनाशक्ती पेटवली, असे त्याने आपल्या मित्राला पत्रातून मोकळेपणाने कळवले होते. ट्रॉयच्या हेक्टरची छाया त्याच्या मेघनादावर स्पष्ट पडली आहे. वाल्मीकींचा इंद्रजित यज्ञ अर्धवट सोडून उठतो, रथावर चढतो आणि लक्ष्मणाशी घनघोर युद्ध करून धारातीर्थी पडतो. मधुसूदनांचा मेघनाद मात्र निकुंभिला मंदिरात पूजेला बसलेला असताना, निःशस्त्र, चोरपावलांनी आत शिरलेल्या लक्ष्मणाकडून मारला जातो. एका प्रसंगाची ही फिरवाफिरव, पण तिच्यामुळे वीर कोण आणि भ्याड कोण, हा निवाडाच उलटा होतो. बंगाली काव्याला या ग्रंथाने नवे सामर्थ्य दिले, हे कोणीही नाकारणार नाही. तरुण रवींद्रनाथांनी त्यावर कठोर टीका केली आणि पुढे स्वतःच ती मागे घेतली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण तेव्हा पडलेला पायंडा आजतागायत चालू आहे आणि मधुसूदनांची प्रतिभा मात्र त्यांच्या वारसदारांकडे आलेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ग्रीक शोकांतिका हे थोर वाङ्मय आहे. सोफोक्लीसच्या इडिपसपुढे कोणताही संवेदनशील माणूस नतमस्तक होईल. महाराष्ट्राने तर शेक्सपियरला आपल्या रंगभूमीवर मानाचे पान दिले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हॅम्लेट मराठीत आणले, गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली, आणि कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’मागे किंग लिअर उभा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. परक्याचे उत्तम ते घ्यावे, याविषयी या भूमीत कधी वाद नव्हता. वाद आहे तो परक्याच्या साच्यात आपले कोंबण्याविषयी.

या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहण्याचे काम मराठीत एका मोठ्या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच केले आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या दुसऱ्या, म्हणजे ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात लोकमान्य टिळकांनी अर्जुनाच्या व्यथेसोबत शेक्सपियरची दोन नाटके ठेवली: हॅम्लेट आणि कोरिओलेनस. बापाचा खून करून आईशी लग्न लावणाऱ्या चुलत्याला ठार मारावे की नात्याकडे पाहून सोडावे, या संभ्रमात हॅम्लेट सापडतो. स्वनगराने हद्दपार केलेला कोरिओलेनस शत्रूला मिळून रोमवर चालून जातो आणि मातृभूमी की शत्रूला दिलेला शब्द, या पेचात सापडतो. टिळकांचे निरीक्षण मार्मिक आहे. पेच अर्जुनाचाही असाच होता. पण हॅम्लेटला मार्ग दाखवणारा श्रीकृष्णासारखा कोणी भेटला नाही, म्हणून तो वेडापिसा होऊन संपला. आगरकरांनी जे नाटक मराठीत आणले, त्याच नाटकाकडे त्यांच्या एकेकाळच्या सहकाऱ्याने या नजरेने पाहिले. मराठी वैचारिक इतिहासातील हा योग विलक्षण आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

टिळकांनी दाखवलेला भेद हाच या सर्व वादाचा गाभा आहे. शोकांतिका पेचापाशी येऊन थांबते आणि माणसाचा विनाश पाहते. महाभारत पेचापाशी येते आणि मग विचारते: आता कर्तव्य काय? विनाश तेथेही आहे. अठरा अक्षौहिणींचा आहे. पण त्या विनाशातील प्रत्येकाच्या कर्माचा हिशेब व्यासांनी मांडलेला आहे आणि त्यातून कोणाचीही सुटका केलेली नाही. युधिष्ठिराची नाही, भीष्मांची नाही, द्रोणांचीही नाही. शोकांतिकेचा साचा वापरणारे आधुनिक कथाकार हा हिशेबच पुसून टाकतात. त्यांच्या कथेत कृष्ण उरतो तो केवळ कारस्थानी राजकारणी म्हणून, आणि उपदेशक गेला की उरलेल्या सगळ्यांचे हॅम्लेट होण्यास कितीसा वेळ लागणार?

कर्णाचेच पाहावे. इडिपस आणि कर्ण यांची तुलना महाविद्यालयीन वर्गांतून वारंवार केली जाते, कारण दोघेही जन्मतः टाकलेले, दोघेही परक्या घरी वाढलेले. साम्य येथेच संपते. इडिपसची शोकांतिका त्याच्या अज्ञानावर उभी आहे. बाप कोण आणि आई कोण हे त्याला ठाऊक नसताना त्याच्या हातून पातके घडतात आणि सत्य कळते तेव्हा सर्व उद्ध्वस्त झालेले असते. कर्णाला सत्य युद्धापूर्वी कळते. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यानंतर श्रीकृष्ण त्याला रथात घेतात, त्याचे जन्मरहस्य सांगतात आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य त्याच्यापुढे ठेवतात. त्यावर कर्णाचे उत्तर काय आहे? अधिरथ आणि राधा यांनी आपल्याला पोटच्या मुलासारखे वाढवले, दुर्योधनाच्या आश्रयाने आपण राज्य भोगले, आता प्राणभयाने किंवा लोभाने ही नाती तोडणार नाही. हे गुपित युधिष्ठिराला सांगू नका, अशी विनंतीही तो करतो. कारण कळले तर युधिष्ठिर राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाला देऊन टाकू. राज्य धर्मात्म्या युधिष्ठिराकडेच राहावे, अशी इच्छा तो बोलून दाखवतो. दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना पूर्वी जे कठोर बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतो, हेही तोच सांगतो.

म्हणजे धर्म कोणत्या बाजूला आहे हे कर्णाला पूर्ण ठाऊक आहे, आणि कृतज्ञतेपोटी तो दुसरी बाजू डोळे उघडे ठेवून निवडतो. विश्ववाङ्मयात असा दुसरा क्षण शोधून सापडणे कठीण. कोरिओलेनसपुढे त्याची माता येऊन उभी राहते तेव्हा तो विरघळतो आणि रोम वाचते. कर्णापुढे कुंती येते तेव्हा तो पक्ष सोडत नाही. अर्जुनाखेरीज चौघांना जीवदान देतो आणि तुझे पाच पुत्र पाचच राहतील, असे वचन देतो. हा पुरुष दैवाच्या हातचे बाहुले नाही. त्याला ‘बिचारा’ ठरवणाऱ्या कादंबऱ्या त्याच्यावर अन्याय करतात. निवड हे त्याचे एकमेव खरे ऐश्वर्य होते आणि सहानुभूतीच्या नावाखाली तेच त्याच्याकडून काढून घेतले जाते.

निवडीबरोबर जबाबदारीही येते, आणि नेमकी तीच या मंडळींना नको असते. द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दुःशासनाला देणारा कर्णच होता. या प्रसंगाची मोठी पंचाईत होत असल्याने त्याला कारण हुडकावे लागते. मग स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून केलेला अपमान पुढे येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सव्वाबाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले. द्रौपदीचा तो सुप्रसिद्ध नकार या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. मयसभेत दुर्योधन पडल्यावर द्रौपदीने त्याच्या पित्याच्या अंधत्वावरून काढलेले उद्गारही व्यासांच्या ग्रंथात नाहीत. दूरदर्शनच्या मालिकेने ते घरोघर पोहोचवले. दोन्ही ठिकाणी परिणाम एकच: भरसभेत विटंबना झालेल्या स्त्रीवरच त्या विटंबनेचे कारण ढकलले गेले. स्त्रीमुक्तीची भाषा बोलणाऱ्या समीक्षकांना हे कसे खटकत नाही, हे एक कोडेच आहे.

कर्णपर्वात रथाचे चाक रुतते आणि कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो. श्रीकृष्ण तेव्हा त्याला एकेक प्रसंग विचारतात: द्रौपदीला सभेत ओढले तेव्हा, एकट्या अभिमन्यूला अनेकांनी घेरले तेव्हा, धर्म कोठे होता? व्यासांचा कर्ण उत्तर देत नाही. लज्जेने मान खाली घालतो. या एका हालचालीत त्याचे मोठेपण आहे, कारण हिशेब त्याला मान्य आहे. आधुनिक कथाकाराला हीच मान खाली घालणे सोसवत नाही.

रावणाच्या बाबतीत तर हा साचा हास्यास्पद होतो. ‘असुर’मध्ये आणि तशा लेखनात तो पददलितांचा नेता म्हणून अवतरतो. वाल्मीकींचा रावण हा पुलस्त्य ऋषींचा नातू, विश्रव्याचा पुत्र, वेदांचा अभ्यासक आणि कुबेराला हुसकावून लंकेवर बसलेला सम्राट आहे. सख्ख्या पित्याच्या पुत्राचे राज्य आणि विमान बळकावणारा हा सत्ताधीश शोषितांचा प्रतिनिधी कसा? सीता ही रावणाची कन्या असल्याचे त्या कादंबरीत येते आणि त्याला जैन परंपरेतील कथांचा आधार सांगता येतो, हे खरे. पण परंपरेतील एखादा धागा उचलणे वेगळे, आणि परस्त्रीच्या अपहरणाला पितृप्रेमाचा मुलामा देणे वेगळे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर असल्याने टाळता येणार नाही. कर्णाला जन्मावरून हिणवले गेले हे खोटे आहे काय? खोटे नाही. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर भीमाने त्याला धनुष्य टाकून चाबूक हाती घे असे सुनावले, हे व्यासांनीच लिहून ठेवले आहे. पांडवांचा कैवार घेऊन लपवलेले नाही. जन्मावरून माणसाला तोलण्याचे पाप या समाजाने केले आणि त्याची फळेही भोगली. कर्णाची कथा वाचताना तरुणांचा जीव तुटतो तो या जिवंत दुखण्यामुळे, आणि समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी तो कळवळा समजून घेतलाच पाहिजे. परंतु सूतांविषयी महाभारत काय सांगते ते पूर्ण वाचले पाहिजे. राजाला तोंडावर सत्य सुनावणारा विदुर दासीपुत्र आहे. गीता ज्याच्या मुखातून धृतराष्ट्राला आणि आपल्याला ऐकू येते, तो संजय सूत आहे. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी ज्याच्यापुढे श्रोते होऊन बसले आणि ज्याने त्यांना संपूर्ण महाभारत सांगितले, तो उग्रश्रवाही सूतच. ज्या ग्रंथाचा निवेदक सूत आहे, त्या ग्रंथाला सूतद्वेष्टा ठरवण्यासाठी ग्रंथ न वाचलेलाच वाचक लागतो.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. नव्याने कथा सांगण्याचा अधिकार नाही काय? आहेच, आणि तो या परंपरेनेच दिलेला आहे. भासाने ‘ऊरुभंग’ लिहिले आणि मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाला रंगमंचाच्या मध्यभागी आणले. संस्कृत नाट्यात शोकांतिकेच्या इतके जवळ दुसरे फारसे काही नाही. पण भासाचा दुर्योधन मरताना वैर आवरतो, पुत्राला पांडवांची सेवा करण्यास सांगतो, सूडाने पेटलेल्या अश्वत्थाम्याला परावृत्त करू पाहतो. करुणा आहे, पण दोषाची लपवाछपवी नाही. एकनाथांचे भावार्थ रामायण, मुक्तेश्वरांचे आणि मोरोपंतांचे भारत, श्रीधरांचा पांडवप्रताप ही सगळी पुनर्कथनेच आहेत. मराठी स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांत सीतेच्या वनवासासाठी रामाला बोल लावला आहे. त्या ओव्यांवर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण दळणाऱ्या बाईचा राम घरचा होता आणि घरच्या माणसाला बोलण्याचा हक्क तिला होता. धर्मवीर भारतींच्या ‘अंधायुग’ने १९५४ साली ग्रीक धर्तीचे निवेदक-गायक आणून महाभारत उभे केले, तेथेही गांधारीचा शाप झेलणारा कृष्ण कथेच्या केंद्रस्थानी राहिला. साचा परका असूनही आशय निसटला नाही, याचे हे उदाहरण.

दैव आपल्या ग्रंथांत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पानोपानी आहे. अयोध्याकांडात लक्ष्मणाची समजूत घालताना राम स्वतः दैवाची महती सांगतो. पण ती तो कोणासाठी सांगतो? कैकेयीवरचा दोष हलका व्हावा म्हणून. स्वतः मात्र चौदा वर्षांतला एकही दिवस दैवाच्या खात्यावर टाकत नाही. आणि स्त्रीपर्वात शंभर पुत्रांच्या शोकाने वेडी झालेली गांधारी कृष्णाला शाप देते, तेव्हा कृष्ण तो शाप स्वीकारतो आणि तिला सांगतो: ऊठ, शोक करू नकोस, हा कुलक्षय तुझ्याच अपराधामुळे झाला आहे. पुत्रवियोगिनी मातेला असे बोलण्याचे धैर्य कोणत्याही शोकांतिकाकाराला झाले नसते. व्यासांना झाले.

आता थोडे घरातल्यांविषयी. इंग्रजी कादंबरीकारांना दोष देणे सोपे आहे. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले, रणजित देसाईंचे ‘राधेय’ १९७३ साली. राष्ट्रीय विचारांच्या कुटुंबांतील कपाटांत ही पुस्तके आदराने उभी असतात आणि त्यांचे भाषावैभव निर्विवाद आहे. याच सावंतांनी पुढे ‘युगंधर’ लिहून श्रीकृष्णाचीही उपासना केली. परंतु मराठी मध्यमवर्गाच्या मनातील कर्ण हा व्यासांचा नसून या कादंबऱ्यांचा आहे, हे मान्य करावेच लागेल. कादंबरी कादंबरी म्हणून वाचावी. तिला इतिहासग्रंथाचे स्थान देण्याचा प्रमाद लेखकांनी केलेला नाही, वाचकांनी केला आहे. ज्या घरात आजोबा संध्याकाळी हरिविजय किंवा पांडवप्रताप वाचत, त्या घरातील नातू आज दुर्योधनाची बाजू पटवून देतो आणि त्याला उत्तर देण्याइतके महाभारत आईवडिलांनी वाचलेले नसते. अशा वेळी चित्रपटगृहापुढे निदर्शने करून काय साधणार? २०२३ साली ‘आदिपुरुष’च्या संवादांवर संताप उसळला आणि निर्मात्यांना काही संवाद बदलावे लागले. संवाद बदलले, रामायण वाचणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढल्याचे कोठे दिसले नाही.

कृष्ण आणि कर्ण यांचा तो संवाद चिकित्सक आवृत्तीच्या उद्योगपर्वात १३८ ते १४१ या चार अध्यायांत आहे. मोठ्याने वाचला तर रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास पुरतो. कुंतीची भेट त्याच्या लगेच पुढे येते. आणि शांतिपर्वाच्या आरंभी, कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युद्धानंतर कळलेला युधिष्ठिर हातचे राज्य टाकून वनात निघू पाहतो, तो भागही त्याला जोडून वाचता येतो. घरात ‘असुर’ आणि ‘मृत्युंजय’ असतील तर तीही जवळ ठेवावीत, आणि मुलांनाच विचारावे की यांतला मोठा कर्ण कोणता.